वर्देच्या हातचं

डॉक्टर हैकलबाईंनी माझ्या मुलीची टाच सोडली आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही बूट काढा."

मी गोंधळले. दाखवायला आणलं होतं ते क्लोदिनला. एकोणीस वर्षांची पोर, टाचेमागची शीर जाड होत चाललेली, नवे बूट घातले की चावायचे. जवळच्या झाहले शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कोलेस्टेरॉलचा आकडा पाहिला आणि यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा तोच आकडा आला, तेव्हा त्यांनी आम्हाला घाट उतरून बैरूतच्या या मोठ्या इस्पितळात पाठवलं. इथे एक अख्खा विभाग याच दुखण्याचा आहे. बाहेर बाकावर आमच्यासारखीच कुटुंबं बसली होती, कुणाची लेकरंसुद्धा.

मी पाय पुढे केला. बाईंनी माझी शीर चिमटीत धरली आणि हळूच दाबून पाहिली. मी हसत म्हणाले, "आमच्या घरात सगळ्यांच्याच टाचा अशा. माझ्या वडिलांच्या होत्या, माझा भाऊ मिलाद, त्याच्याही होत्या. आम्ही डोंगर चढणारी माणसं."

बाई हसल्या नाहीत. वडील कधी गेले, भाऊ कधी गेला, असं विचारू लागल्या. वडील, घट्टास खत्तार, बेचाळिसाव्या वर्षी द्राक्षाच्या मळ्यात कोसळले होते. मिलाद एकतिसाव्या वर्षी गेला. सकाळी दाढी करत होता, छातीत दुखतंय म्हणाला आणि हातातला वस्तरा खाली ठेवून जमिनीवर बसला. त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर माझी आई बसली होती. काळा पोशाख, मांडीवर पिशवी. नातीला एकटं पाठवायचं नाही, म्हणून हट्टाने आलेली. तिने घसा खाकरला.

"डॉक्टर, मी लपवत नाही," ती म्हणाली. "दोघंही माझ्या हातचं खाऊन गेले."

चर्चमधल्या पाद्रीबाबांपुढे बोलावं तसं ती बोलली. मला आश्चर्य वाटलं नाही. गेली बावीस वर्षं ती हेच धरून बसली होती.

आईचं नाव वर्दे. आमच्या गावात एके काळी वर्देच्या हातचं अवर्मा म्हणजे शेवटचा शब्द होता. शरद आला की मेंढा कापायचा, त्याचं मांस त्याच्याच शेपटीच्या चरबीत परतायचं आणि हिवाळ्यासाठी बरण्यांत भरून ठेवायचं. सगळ्या घरांत होतं, पण आईच्या बरणीचं झाकण उघडलं की गल्लीला कळायचं. बर्फाच्या दिवसांत त्यात अंडी फोडून ती न्याहारीला द्यायची. वडील बोटं चाटायचे.

वडील गेले तेव्हा लोक म्हणाले, देवाची मर्जी. मिलाद गेला तेव्हा देवावर थांबले नाहीत. त्याचं शव घरात असताना शफीकाआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, भरल्या घरात उभी राहिली आणि म्हणाली, "माझा भाऊ खाल्लास, आता भाचाही खाल्लास. तुझ्या चरबीने माझ्या माहेरचे पुरुष संपवले, वर्दे."   चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर आईने उरलेल्या बरण्या ओढ्याकाठी नेऊन कुत्र्यांपुढे रिकाम्या केल्या. त्यानंतर, ईस्टरचे गोड मअमूल सोडले तर, आमच्या घरी मसूर आणि उकडलेल्या भाज्याच शिजायच्या. गावात मयत झालं की शेजारणी त्या घरी जेवणाची पातेली घेऊन जायच्या. आईकडून कुणी काही मागायचं नाही आणि तीही कुणाच्या दारी द्यायला जायची नाही.

डॉक्टरबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजी, तुमचंही रक्त घेऊ या."

आईने निमूटपणे बाही वर केली.

निकाल दुपारपर्यंत आले. माझा आकडा क्लोदिनइतकाच वाईट होता. आणि आईचा? बाईंनी तो दोनदा वाचला. "हे रक्त एखाद्या तरुण मुलीचं वाटावं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. रक्तातली ही चरबी यकृत ओढून घेतं. त्यासाठी त्याला जणू दारं असतात. काही घराण्यांत निम्मी दारं जन्मापासूनच बंद असतात. चरबी रक्तात साचत राहते, शिरांत बसते, टाचांत बसते, पापण्यांवर पिवळी दिसते. खाण्याने थोडंफार वर-खाली होतं, पण इतकं चढतं ते खाण्याने नव्हे. ते आईबापांकडून येतं. "आणि तुमच्याकडे," त्या मला म्हणाल्या, "ते वडिलांकडून आलंय."



"मग मिलादला मी नाही मारलं?" आईने विचारलं.

बाईंनी चष्मा काढला. "नाही, आजी."

"घट्टासलाही?"

"त्यांनाही नाही. तुमच्यामुळे काही झालेलं नाही."

कुणी बसथांबा दाखवला की आपण मान हलवतो, तशी आईने मान हलवली आणि डोक्यावरचा रुमाल नीट केला.

क्लोदिनला आणि मला गोळ्या लिहून दिल्या, क्लोदिनला पुढे इंजेक्शनही लागेल म्हणाल्या. आम्ही निघताना बाईंनी आणखी एक सांगितलं. माझ्या वडिलांच्या रक्ताची जेवढी माणसं हयात आहेत, त्या सगळ्यांना तपासायला आणा. आणि लवकर आणा.

परतीच्या बसमध्ये मी आईकडे बघत होते. ती रडेल असं वाटलं होतं. मी मनातल्या मनात रविवारची तयारी करत होते. प्रार्थना सुटल्यावर, सगळ्या बायका पायऱ्यांवर असताना, शफीकाआत्याला काय काय ऐकवायचं ते शब्द न् शब्द जुळवत होते. बस घाट चढून खाली बेका खोऱ्याच्या बाजूला वळली तेव्हा आई बोलली.

"तन्नूस चढावर थांबतो, पाहिलंयस? मग सिगारेट पेटवतो, म्हणजे पेटवायलाच थांबला असं वाटावं."

तन्नूस म्हणजे शफीकाआत्याचा एकुलता एक मुलगा. बहात्तर वर्षांची माझी आई, तिच्यावरचा खुनाचा आळ नुकताच उतरला होता, आणि ती आळ घेणारीच्या मुलाचा विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आत्याकडे गेलो. आत्याने कॉफी ठेवली, पण चेहरा दगडाचा. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं, आवाज चढू न देता. ऐकताना तिच्या पापण्यांवरचे पिवळे चट्टे मला पहिल्यांदा दिसले. इतकी वर्षं मी त्यांना वयाचे डाग समजत होते.

"खत्तारांच्या रक्तात खोट नाही," आत्या म्हणाली. "माझ्या दोन नाती लग्नाच्या आहेत. उद्या गाव म्हणालं, यांचं रक्त नासकं, तर त्यांना दारात कोण उभं करेल? बैरूतच्या डॉक्टरणीला काय जातंय बोलायला."

मी तोंड उघडणार, तोच आईने माझा गुडघा दाबला.

"खरंय, वन्सं," ती म्हणाली. "रक्त चांगलंच आहे. खोट माझ्या हाताची."

आत्या तिच्याकडे पाहत राहिली.

"तन्नूस शाळेत असताना हिवाळाभर माझ्याकडेच जेवायचा की. मिलादबरोबर एका ताटात. माझंच अवर्मा खाऊन वाढलाय तो. मला घोर लागलाय, वन्सं. एकदा तपासून येऊ दे."

"आणि गावात काय सांगायचं?"

"हेच. वर्देच्या हातचं बाधलं की काय, ते बघायला गेला."

आत्याने कपातली कॉफी हलवली. "पोरींचं काय? त्यांनी कुठे खाल्लंय तुझ्या हातचं?"

"ईस्टरला माझे मअमूल खातात ना. तुपातले, खजुराचे. मी कुंपणावरून देते."

"मला न सांगता?"

"तुम्हाला सांगून कुणी दिलं असतं का?"

"मला ठाऊक होतं," आत्या म्हणाली. "पोरींच्या अंगाला साखर लागलेली असायची." मग कप खाली ठेवून ती म्हणाली, "सोमवारी पाठवते."

 घरी आल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणाले की बावीस वर्षांनी तोंड पुसायची वेळ आली होती, आणि तू आपल्याच हाताने पुन्हा काळं फासून घेतलंस.

आई मसूर निवडत होती. "तिने कबूल करायची वाट बघत बसले," ती म्हणाली, "तर तन्नूस राहायचा नाही."

तन्नूसला हैकलबाईंनी परत घरी येऊच दिलं नाही. आकडे पाहून, छातीचं विचारून, त्याच दिवशी खालच्या मजल्यावर हृदयाच्या विभागात पाठवलं. मुख्य शिरेत जेमतेम धाग्याएवढी वाट उरली होती. तिथे नळी बसवली. त्याच्या थोरल्या मुलीतही हे निघालं, धाकटीत नाही. थोरलीच्या गोळ्या सुरू झाल्या. तिचा वाङ्‌निश्चय तरीही झाला, कारण गावाच्या लेखी तिच्या रक्ताला काहीच झालं नव्हतं. गावात एवढंच झालं होतं की वर्देच्या चरबीने तन्नूसलाही गाठलं होतं आणि देवाने राखलं. बेकरीत दोन बायका हे माझ्यासमोर बोलल्या. मी पाव घेतला आणि बाहेर आले.

तन्नूस बरा झाल्यावर चेरीची पेटी घेऊन आला. दारातच उभा राहिला, आत येईना.

"मामी, डॉक्टरबाईंनी मला खरं काय ते सांगितलंय."

"मग गोळ्या वेळेवर घे. सिगारेट सुटली का?"

"सुटतेय." तो थांबला. "आईला सांगू का?"

"नको," आई म्हणाली. "आता तिचं वय झालंय."

आईपेक्षा आत्या दोन वर्षांनी लहान आहे. तन्नूसला हे ठाऊक होतं. त्याने पेटी ओट्यावर ठेवली, आईच्या हाताचं चुंबन घेतलं आणि गेला.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, सगळं गाव टेकडीवरच्या दफनभूमीत जातं. आईही दरवर्षी जायची. पण वडिलांच्या आणि मिलादच्या थडग्यांपासून थोडी दूर, सरूच्या झाडाखाली उभी राहायची, परक्या घरी आल्यासारखी. मेणबत्त्या मलाच लावायला सांगायची. यंदा मी काडी पेटवून मागे वळले तर ती झाडाखाली नव्हती. मिलादच्या थडग्यावरची पानं ती हाताने झाडत होती. दगड स्वच्छ झाल्यावर ती त्यावर टेकली, दुखरे गुडघे लांब केले, बूट काढून बाजूला ठेवले. आत्या दोन थडगी पलीकडे उभी होती. तिने पाहिलं आणि मान फिरवली.

आई बसून राहिली. लोक खाली उतरू लागले, वारा गार झाला. मी जाऊन म्हणाले, "आई, चल."

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी जरा बसते याच्यापाशी."