तब्लुतूची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. तुमच्या पाटीसारखी पुसून पुन्हा लिहिण्याजोगी नव्हे. मी बाबिलोनजवळच्या बोर्सिपा गावच्या कालव्याच्या मातीची, तळहाताएवढी, नुसती उन्हात वाळवलेली. मला भट्टीत भाजले असते तर दगडासारखी टणक झाले असते. पण त्या दिवशी भट्टी पेटवायचे कुणाला सुचले नाही. घरातले माणूस जात होते.

तिचे नाव तब्लुतू. ती तापाने अंथरुणाला खिळली होती. तिचा नवरा लबाशी गावातला नावाजलेला लेखक, म्हणजे लोकांच्या पाट्या लिहून देणारा. ती थांबत थांबत बोलत होती आणि तो तिचे बोल बोरूच्या टोकाने माझ्यावर दाबत होता. मी वाळू नये म्हणून मध्ये मध्ये तो माझ्यावर ओले फडके टाकी. त्या फडक्याच्या विणीचा ठसा माझ्या काठावर अजून आहे. चार वर्षांची हिप्ता उंबऱ्यावर खजूर चोखत बसली होती. ते बोल तिच्यासाठीच होते.

तब्लुतू गेली. लबाशीने मला फळीवर ठेवले आणि लेकीला सांगितले, "ही तुझ्या आईची पाटी. तू शिकशील आणि स्वतः वाचशील. मी वाचून दाखवली तर ते माझ्या तोंडचं होईल."

शिकायचे म्हणजे काय, ते ऐका. आमच्या लिहिण्यात सहाशेच्या वर खुणा. एकच खूण कुठे अख्खा शब्द, कुठे नुसता एक आवाज, तर कुठे मुकी. पुढे येणारी वस्तू लाकडाची आहे एवढेच सांगून गप्प. हिप्ता रोज सकाळी ओली पाटी गिरवी. संध्याकाळी लबाशी ती दगडी टाकीतल्या पाण्यात सोडी, कारण तीच माती उद्याला मळायची असे. किती वर्षांचे गिरवणे त्या टाकीत विरघळले!

गावात मात्र एव्हाना कातड्यावरच्या शाईची अक्षरे आली होती. ती फक्त बावीस. एका आवाजाला एक अक्षर, की झाले. धक्क्यावरचे हमालसुद्धा ती शिकले. हिप्ताने लग्न केले तेही तसल्याच शाईच्या लेखकाशी. त्याचे नाव बरीक-एल. त्याने तिला बारा दिवसांत सगळी अक्षरे शिकवली.

"बावीस?" लबाशी म्हणाला. "जावईबापू, माझ्या दारात त्याहून जास्त बदकं आहेत."

"बदकं मोजायलासुद्धा आता माझ्याकडेच येतात, मामंजी," बरीक-एल हसून म्हणाला.

हसणे तेवढ्यावर राहिले नाही. लबाशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला. लिहिणे सुटले. गावातले त्याच्या विद्येचे बाकीचे म्हातारे एकेक करून गेले आणि तो एकटा उरला. तो मला मांडीवर घेई आणि अंगठ्याने वाची. आमच्या खुणा खोल असतात; आंधळ्यालाही सापडतात. त्याचे ओठ हलत आणि हिप्ता हातातले पीठ तसेच ठेवून बघत राही.

"बाबा, मोठ्यानं वाचा ना."

"किती खुणा झाल्या तुझ्या?"

"दीडशे. बाबा, माझी स्वतःची पोरं मोठी झाली. केव्हा होणार सहाशे?"

"मामंजी," बरीक-एल कळवळून म्हणाला, "तुम्ही नुसतं बोला. भाकरी भाजून होईतो मी कातड्यावर उतरवतो."

"तुझ्या शाईवर एक पावसाळी गळती पडली की संपलं! माझी बायको मी गळतीखाली नाही ठेवणार."

मला माती असून लाज वाटली. कारण माझ्यावर काय आहे ते मला ठाऊक होते. त्यालाही होते.

पुढे हिवाळ्यात लबाशीला झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली. तिसऱ्या दिवशी त्याने डाव्या हाताने फळीकडे खूण केली. हिप्ताने मला त्याच्या छातीवर ठेवले. त्याचा अंगठा पहिल्या ओळीवर आला आणि सरकू लागला. ओठ हलले. या वेळी तो खरोखर मोठ्याने वाचत होता, मित्रांनो. फक्त आवाज नव्हता. हिप्ता कान त्याच्या तोंडाशी लावून बसली. शेजारी बरीक-एल कातडे पसरून, बोरू शाईत बुडवून तयार होता. शाई बोरूवरच वाळली.

नंतर हिप्ता बाबिलोनलाही जाऊन आली. तिथे देवळात एक जाणकार उरला होता म्हणत. तो गेल्या उन्हाळ्यात वारला होता. तिने स्वतः खूप खटपट केली. 'पाणी', 'मुलगी', 'हात' एवढे तीन शब्द लागले. ते तीनच शब्द ती नातवंडांना म्हणून दाखवी. ती म्हातारी होऊन गेली तेव्हा रीतीप्रमाणे तिला घराच्या जमिनीखाली ठेवले आणि मला तिच्या हाताशी. तेव्हापासून मी इथेच आहे. जमिनीतले मीठ माझे कोपरे खात आहे. पहिली ओळ गेली, दुसरीही जवळजवळ गेलीच.

आता माझ्यावरचे बोल सांगते. तब्लुतू म्हणाली होती: "हिप्ता पाण्याला घाबरते, कालव्यावर तिचा हात धरा. माझ्या मुलीला या खुणांनी छळू नका, तिला जमतील तेवढ्याच शिकवा. आणि हे तिला रोज निजताना वाचून दाखवा, म्हणजे माझा आवाज तिच्या कानात राहील."

लबाशीने एकही खूण चुकवली नव्हती.

मित्रांनो, बावीस अक्षरे वाईट नव्हती आणि सहाशे खुणाही वाईट नव्हत्या. तुमच्या घरात ज्याला एखादे जुने लिहिणे वाचता येते असे कुणी असेल, तर आजच त्याच्या शेजारी बसा आणि ते मोठ्याने वाचून घ्या. मला नीट ठेवा, जपा, असे मी म्हणत नाही. मला फार नीट ठेवले होते.