माझी तीन दारं

टप्. मोरीतल्या नळाचा थेंब रिकाम्या बादलीत पडला आणि दुपारची शांतता मोडली. भुंगी झोपेत कुशीवर वळली. तिच्या आईने हातातला पेचकस थांबवला. लेक पुन्हा निजली, तसा पेचकस माझ्या पाठीवर पुन्हा फिरू लागला.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझी यंत्रणा युनिक्सची. नदीचं पाणी मोजणाऱ्या कचेरीत मी एकोणीस वर्षं जागा होतो. भुंगीचे आजोबा तिथे मोजणीदार होते. काठावरच्या पट्टीला पाणी कुठवर लागलं ते रोज सकाळी बघायचे आणि माझ्यात नोंदवायचे. ते वारले, आकडे माझ्या पोटात राहिले. पुढे त्यांची लेकच माझी देखभाल करायला आली.

लांबून माझ्यात यायला तीन दारं होती. आरलॉगिन हे भोळं दार. येणाऱ्याने ओळखीच्या यंत्राचं नाव सांगितलं की पासवर्डही न विचारता आत घ्यायचं. टेलनेट पासवर्ड विचारायचं, पण तो तारेतून उघडाच यायचा, भर रस्त्यात ओरडून सांगावा तसा. तिसरं एसएसएच. ते येणाऱ्याला आधी माझा ठसा दाखवायचं, समोर मीच आहे, कुणी तोतया नाही, हे पटावं म्हणून. मग सगळं बोलणं कुलूपबंद.

भुंगीच्या आईने तिसरं दार बसवलं, पहिलं बुजवलं. दुसरंही बुजवणार, तोच हेडक्लार्क म्हणाले, "राहू द्या हो ताई. तुमचं एसएसएच म्हणजे नवी सून, फार चौकशा करते. टेलनेट म्हातारी खरी, पण हाकेला ओ तरी देते."

"म्हातारीला कुजबुजता येत नाही, काका."

"अडीनडीला असू द्या."

ते राहिलं.

एके दिवशी भुंगीला ताप भरला. आई घरून, नव्या लॅपटॉपवर कामाला बसली. एसएसएचने ठसा दाखवला. तो जुळवायचा कागद कचेरीत होता आणि लेक मांडीत रडत होती. "आजच्या दिवस," असं पुटपुटत ती टेलनेटने आली. पासवर्ड म्हणजे लेकीचं लाडकं नाव.

तारेला कुणीतरी कान लावून बसलं होतं. दोन दिवसांनी तो तेच नाव घेऊन आला, आणि आला तो भक्कम दाराने. दोन्ही दारांना पासवर्ड एकच. मी त्याला आत घेतलं, मित्रांनो. त्याने सगळं पुसलं. नकलाही माझ्याच पोटात ठेवलेल्या होत्या.

कचेरीने मला मोडीत काढलं. भुंगीच्या आईने घरी आणलं. लेक निजली की ती माझ्यात वडिलांचे आकडे शोधते. अजून एकही सापडलेला नाही. तुम्ही नवं दार बसवाल, तेव्हा जुनं त्याच दिवशी बुजवा. अडीनडीची वाट बघत ते उघडंच राहतं.

भुंगी डोळे चोळत आली.

"आजोबांचे आकडे सापडले?"

"नाही गं."

"चोर आत कसा आला?"

"तुझं नाव सांगून."

भुंगीने माझ्या उघड्या पोटात डोकावून पाहिलं.

"आई, माझं नाव त्याला कुणी सांगितलं?"