वीस प्रतींत मेलेला नवरा

सुज्ञ वाचकहो, कलेच्या नावाखाली एका धडधाकट मनुष्यास मृत ठरविण्यात आले, त्या घोर अन्यायाची हकिगत येथे यथाशक्ती निवेदन करीत आहे. मन घट्ट करून वाचावी.

बाजाराच्या तोंडाशी किल्ल्या बनविणारे एक गृहस्थ आहेत. एके सकाळी त्यांची कन्या धावत आली. "बाबा, बघा, आई केवढ्या मोठ्या कलादालनात लागलीय!" तिच्या मोबाइलवर एक जुने, गाजलेले छायाचित्र होते. बंद दारापुढे बसलेली तरुणी, आणि कडेला अर्धवट कापलेला एक पुरुषी हात. तो हात किल्लीवाल्यांचाच! त्यांनी चष्मा चढवून खालची ओळ वाचली. "विधवा. मर्यादित आवृत्ती, वीस प्रती."

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "विधवा? मग मी कोण, भूत?"

"भूत तरी वेळेवर जेवायला येतं," पत्नी कपडे पिळता पिळता म्हणाली.

त्यांस तो दिवस लख्ख आठवला. छायाचित्रकार म्हणाला होता, "जरा बाजूला व्हा." ते सौजन्याने झाले. बाजूला व्हा म्हटले होते, मरा म्हटले नव्हते!

त्याच दुपारी ते पत्नीसह दालनात दाखल झाले. व्यवस्थापक अत्यंत गोड बोलणारा होता. "काका, नाव कलावंतानं दिलंय. आणि ते आता हयात नाहीत."

"ते हयात नाहीत म्हणून मीही नाही का?"

शेवटची प्रत घेण्यास आलेल्या एक श्रीमंत बाई चपापल्या. "म्हणजे ही विधवा नाहीच? तिच्या डोळ्यांतलं दुःख बघून मी रडले होते हो!"

"दुःख कसलं, बाई!" पत्नी म्हणाली. "किल्लीवाल्याशी लग्न केलं, आणि यांनी किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं. संतापानं तोंडातून शब्द फुटत नव्हता माझ्या."

सगळे हसले. किल्लीवाले हसले नाहीत. बाईंनी प्रत नको म्हणताच व्यवस्थापकाचा गोडवा आटला. "काका, तुम्ही आमचं नुकसान करताय."

"मी जिवंत राहिलो, हे तुमचं नुकसान?" त्यांचा आवाज चिरकला.

तो ऐकून पत्नी पुढे झाली. तिने भिंतीवरची नावाची पाटी खसकन उपटली. "चेहरा ठेवा तुमच्याकडे. नवरा माझा मला परत द्या." आणि त्यांच्या दंडाला धरून ती बाहेर पडली.

परंतु वाचकहो, उरलेल्या एकोणीस प्रती आधीच विकल्या गेल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या पाठीवर 'विधवा' हाच शब्द शाईने लिहिलेला आहे. तितक्या घरांत हा सज्जन मनुष्य आजही मृत आहे, आणि त्या विचाराने त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. आपल्या भिंतीवर ते चित्र असल्यास कृपा करून ते उतरवावे आणि तो शब्द खोडावा.

इतके श्रमपूर्वक वाचल्याबद्दल आपले शतशः आभार.

आपला नम्र,
शेजारचा शिलाई यंत्र दुरुस्तीवाला