काळ्या रंगाखालची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे आणि उतार दिसला की आजही माझी गाळण उडते. मी एका मोटारहोमच्या पोटाखाली राहतो. वर चूल, बिछाने, सगळा संसार. खाली चाकावरचे, धक्के झेलणारे पोलादी पाटे. त्या पाट्यांचे टोक गाडीच्या सांगाड्याला मी धरून ठेवतो. भट्टीतून निघालो, अंगावर आटे पाडले गेले, तेव्हा कारखान्यात माझे कोण कौतुक झाले होते! गाडीला लागल्यावर मात्र वाट्याला चिखलच आला.

तरी मालकीणबाई मला विसरल्या नाहीत. त्यांनी माझ्यावर आणि माझ्या नटावर मिळून नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली होती. नट जरा फिरला की रेघ तुटलेली दिसे. प्रवासाआधी त्या सतरंजी टाकून गाडीखाली शिरत. त्यांच्या बॅटरीचा उजेड पडला की मला धीर येई.

मालकांना टापटिपीची भारी हौस. या खेपेस त्यांनी गाडीचे पोट काळ्या रंगाने चकचकीत केले आणि रेघ बुजली. खालचे सगळे नव्यासारखे झाले आहे, असे त्यांनी बाईंना सांगितले. बाईंनीही विश्वास ठेवला.

डोंगर चढताना माझा नट सैल होत होत रस्त्यावर पडला. मग प्रत्येक खड्ड्याला मी थोडा थोडा बाहेर सरकू लागलो. माझ्या बरोबर वर त्यांची छकुली झोपली होती. पुढे उतार होता. मी निसटलो तर पाटा सुटणार, गाडी कलंडणार, हे मला कळत होते. पण ओरडायला तोंड नव्हते. मी नुसता खडखडत होतो.

भांडी वाजत असतील, असे मालक म्हणाले. बाईंनी एकेक भांडे पांघरुणात गुंडाळले. आवाज थांबला नाही. उताराच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"अगं, परवाच तर रंग दिलाय."

"रंग दिलास रे. नटाला हात लावलास का?"

बाई खाली शिरल्या. त्यांच्या बोटांना माझे उघडे आटे लागले. त्या बाहेर आल्या आणि आधी झोपलेल्या छकुलीला उचलून रस्त्याकडेला नेले. मालकांनी वाकून पाहिले आणि लगेच मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिकने येऊन नवा नट घट्ट बसवला, बाकीचेही तपासले. मग मालकांनी बाईंकडे ती लाल बाटली मागितली. गाडीखाली शिरून त्यांनी स्वतः रेघ ओढली, जरा वाकडीच आली.

मित्रांनो, आम्हाला खुशाल रंगवा, पण आधी हात लावून बघा. माझी रेघ मला दिसत नाही. ती तुम्हालाच वाकून बघावी लागते.