नव्व्याण्णववर थांबणारी मी

बुधवारी दुपारी चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मी शंभर टक्के भरले आणि आयली कोस्केला नावाच्या बाई खुर्चीवरून उठल्या.

मित्रांनो, मी पडद्यावरची एक हिरवी पट्टी आहे, आता बरीच जुनी. रुग्णालयाच्या संकेतस्थळावर कुणी फाइल पाठवू लागले की मी डावीकडून उजवीकडे भरत जाते. किती गेले आणि किती राहिले हे सांगायचे, एवढेच माझे काम.

अकरा वर्षांपूर्वी ड्वेन नावाच्या प्रोग्रामरने मला घडवले. तेव्हा मी नव्व्याण्णववर थांबत असे. पलीकडच्या संगणकाने फाइल तपासून ‘मिळाली’ असे कळवल्याशिवाय शंभर म्हणायचे नाही, ही त्याची शिस्त. सुरुवातीला माझे कौतुक झाले. मग तक्रारी येऊ लागल्या.

“लोकांना वाटतं, अडकली. वैतागून पान बंद करतात,” त्याची वरिष्ठ मार्सी म्हणाली.

“पण तेव्हा फाइल पोहोचलेलीच नसते.”

“निघाली की शंभर दाखव. खाली बारीक अक्षरात लिही, तपासणी चालू आहे म्हणून.”

“म्हणजे थाप मारायची?”

“थाप कसली? थोडी घाई म्हण.”

ड्वेनने एक ओळ बदलली. तक्रारी थांबल्या. पुढे तो नोकरी सोडून गेला आणि माझ्याकडे पुन्हा कुणी पाहिले नाही.

आयलींचे गाव मिशिगनच्या उत्तर टोकाला आहे. त्यांचे पती रेइनो यांची फुप्फुसे निकामी होत आली आहेत. प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांचे नाव घालायचे की नाही, हे ठरवणारी समिती गुरुवारी सकाळी साडेनऊला बसणार होती. तिला फुप्फुसांचा ताजा स्कॅन हवा होता. घरी इंटरनेट धड चालत नाही, म्हणून आयली डिस्क घेऊन गावच्या ग्रंथालयात आल्या होत्या.

“शंभर झाले गं, व्हर्ना!” त्या ग्रंथपालबाईंना म्हणाल्या.

“बघ! शाळेत कधी मिळाले नव्हते तुला.”

“तुझी वही बघून लिहिलं ना, म्हणून.”

मागे एक गृहस्थ टोपी हातात धरून उभे होते. काम झाल्यावर खुर्ची अडवून बसणे या गावात कुणाला जमत नाही. आयलींनी पान बंद केले. पान मिटले की पलीकडची अर्धवट तपासलेली फाइल टाकून दिली जाते. खालची बारीक अक्षरे कुणी वाचली नव्हती.

गुरुवारी सकाळी आठला परिचारिकेचा फोन आला. “कोस्केलाबाई, स्कॅन आला नाही.”

“अहो, पट्टी पूर्ण भरली होती! या डोळ्यांनी पाहिली मी.”

त्यांनी खरेच पाहिली होती. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे माझ्यासारखी पट्टी घडवाल, तर तिला नव्व्याण्णववर थांबू द्या. लोक चिडतील, चिडू द्या.

नऊला ग्रंथालय उघडले तेव्हा आयली दारातच होत्या. व्हर्नाने त्यांच्या संगणकावर ‘नादुरुस्त’ अशी पाटी लावली. “आज हलायचं नाही. कुणी ऊठ म्हटलं, तर माझ्याकडे पाठव.”

साडेनऊला समिती बसली. आता नऊ वाजून चौतीस मिनिटे झाली आहेत. मी एकसष्टवर आहे.