फाटकाच्या आतली गाडी

नंबरप्लेट नसलेली गाडी तुम्ही कधी पाहिली आहे का, मित्रांनो? नसेलच पाहिली, कारण अशी गाडी रस्त्यावर येत नाही. मी तशीच एक जुनी गाडी आहे. एका मोठ्या गोदामाच्या आवारात ट्रेलर ओढायचे, माल उतरवायच्या धक्क्याला लावायचे आणि रिकामे झाले की भिंतीकडे नेऊन उभे करायचे, हे माझे काम. बाहेरगावचे ट्रक येतात, आपापले ट्रेलर सोडतात आणि भुर्रकन निघून जातात. मागची सगळी हलवाहलव माझ्या वाट्याला येते. मला एकच सीट आहे, एकच दार आहे. माझ्या चारही बाजूंना भिंती आहेत आणि त्यांतल्या एकीला फाटक आहे.

त्या फाटकातून मी जन्मात एकदाच गेले, तेही आत येताना. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा पिवळा रंग इतका चकचकीत होता की लोक वळून पाहत. कारखान्याच्या ड्रायव्हरने मला दिवसभर रस्त्याने चालवत आणले. वाटेत एक लांब पूल लागला. एका शाळेसमोर मुले रस्ता ओलांडत होती, म्हणून आम्ही थांबलो, आणि त्यातल्या एका मुलीने मला हात केला. संध्याकाळी फाटक उघडले, मी आत आले, फाटक लागले. त्या ड्रायव्हरने माझी पुठ्ठ्याची तात्पुरती नंबरपट्टी काढून खिशात घातली आणि तो घरी गेला. नंतर कुणी दुसरी लावली नाही. आवाराच्या आत नंबर लागत नाही आणि चालवणाऱ्याला मोठ्या गाडीचे लायसन्सही लागत नाही.

माझ्या किलोमीटरचा आकडा आता अडीच लाखांच्या पुढे गेला आहे. एवढ्यात पृथ्वीला सहा फेऱ्या झाल्या असत्या. माझ्या झाल्या त्या धक्क्यापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून धक्क्यापर्यंत. मला त्या मुलीचा हात अजून आठवतो.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. साहेब लोक पाहुण्यांना मला दाखवायचे, दर आठवड्याला मला धुवायचे. मग कौतुक ओसरले आणि माझ्यावर एक नवा ड्रायव्हर आला. तो दिवसभर शिट्टी वाजवायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टीवाला म्हणत. आता इथे तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. माझ्यासारख्या जड गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत हवेचा दाब पुरेसा असेल तरच ब्रेक नीट लागतो. दाब उतरू लागला की ड्रायव्हरला कळावे, म्हणून माझ्यात एक बझर बसवलेला आहे. सकाळी टाकी रिकामी असते, त्यामुळे हवा भरेपर्यंत दोन-तीन मिनिटे तो वाजतोच. शिट्टीवाल्याच्या शिट्टीत त्याने व्यत्यय येई. एके सकाळी त्याने पक्कड घेतली, स्टिअरिंगखाली हात घातला आणि माझी वायर कापून टाकली. वर चिकटपट्टी गुंडाळली आणि शिट्टी वाजवत कामाला लागला.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी वाचा गेली. पुढे माझी एक नळी झिजली आणि हवा हळूहळू निसटू लागली. मला ते कळत होते. सांगायचे कशाने?

शिट्टीवाला नोकरी सोडून गेला आणि माझ्याकडे मावशी आली. मावशी आधी आवार झाडायची. झाडता झाडता तिने सगळे पाहून ठेवले होते. एकदा ड्रायव्हर नव्हता आणि धक्क्यावर माल अडला होता, तेव्हा ती सुपरवायझरला म्हणाली, "मी लावते." तिने ट्रेलर असा लावला की दोन्ही बाजूंना तळहाताएवढीच फट राहिली. हमालांनी टाळ्या वाजवल्या. तिचा झाडू कोपऱ्यात गेला तो अकरा वर्षे तिथेच राहिला. ती मला म्हातारी म्हणायची. मला आधी राग यायचा, पण माझी काच ती स्वतःच्या रुमालाने पुसायची, तेव्हा मी ते मनावर घेणे सोडून दिले.

या अकरा वर्षांतला एक दिवस मी विसरू शकत नाही. लागोपाठ बरेच ट्रेलर लावून झाले होते आणि माझा दाब फार उतरला होता. मावशीने ब्रेक दाबला तो उशिरा लागला. पैलवान नावाचा हमाल ट्रेलर आणि धक्का यांच्यामध्ये उभा होता. त्याने उडी मारली म्हणून वाचला. एका खोक्याचा मात्र चुरा झाला. मावशी माझे दार लावून आत बसली आणि ढसाढसा रडली. "माझाच पाय चुकला," ती म्हणत राहिली. तिचा पाय चुकला नव्हता, मित्रांनो. चूक माझ्या पोटात होती आणि मी तोंड मिटून उभी होते.

मग एक दिवस भिंतीवर सूचना लागली. गोदाम हमरस्त्यापलीकडे नव्या जागी जाणार होते. तिथे दोन आवारे, मध्ये सार्वजनिक रस्ता. महिनाअखेरपर्यंत ज्यांच्याकडे जड वाहनाचा निदान शिकाऊ परवाना असेल, तेच ड्रायव्हर राहणार. बाकीच्यांना नमस्कार. परवान्यासाठी आधी लेखी परीक्षा, तीही कॉम्प्युटरवर. तीन वेळा बसता येते, तिन्ही वेळा नापास झाले तर पुढे सहा महिने थांबावे लागते.

मावशीची लेक दुसऱ्या गावी दवाखान्यात नर्स आहे. तिने परीक्षेच्या पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, एक आईला पाठवली, एक स्वतःकडे ठेवली. रोज दुपारच्या सुट्टीत मावशी माझ्यात येऊन बसायची, फोन काचेला टेकवून ठेवायची आणि लेक प्रश्न विचारायची. माझ्या चिंचोळ्या केबिनमध्ये तेव्हा रस्त्याचे वारे शिरायचे. उतारावर कोणता गिअर, पुढच्या गाडीपासून किती अंतर, पुलावर वजनाची पाटी दिसली तर काय करायचे. मी कान देऊन ऐकायचे. उतार कसा असतो ते मला त्या एका दिवसापुरतेच माहीत होते.

पहिल्या वेळी मावशी नापास झाली. दुसऱ्या वेळीही झाली. बाकी सगळे विभाग सुटले, एअरब्रेकच्या विभागात दोन्ही वेळा दोन गुण कमी पडले. कोणता प्रश्न चुकला ते कागदावर लिहून येत नाही. मावशी चिडली.

"रोज दिवसभर एअरब्रेकच दाबते मी! मला काय शिकवणार ते पुस्तक?"

"बरं, ऐक," लेक म्हणाली. "हवेचा दाब कमी होतोय, ही सूचना ड्रायव्हरला कधी मिळायला पाहिजे?"

"सूचना कसली? दाबाचा काटा पंचेचाळीसवर आला की पेडल वेगळं लागतं. तीच सूचना."

"आई, असा पर्यायच नाहीये इथे! काटा साठाच्या खाली जायच्या आत सूचना मिळालीच पाहिजे. बरं, ती मिळाली तर काय करायचं? सुरक्षित जागी लगेच थांबायचं, की हळूहळू गॅरेजला न्यायचं?"

"हळूहळू न्यायची. मिस्त्री तर त्या कोपऱ्यातच बसतो. चाळीस पावलं."

"रस्त्यावर कुठून आणणार तुझा मिस्त्री?"

आवारातली उत्तरे तिने माझ्याकडून घेतली होती. पंचेचाळीसचा आकडा माझा होता. पुस्तक खरे सांगत होते आणि ही बिचारी माझ्यावर विश्वास ठेवून दोनदा नापास झाली होती.

"आई, तू ना, पुस्तकात आहे ते सांग. म्हातारीत काय आहे ते नको सांगूस."

"म्हातारी खोटं बोलत नाही," मावशी तटकन म्हणाली.

"मग विचार तिला. पान काढ. तपासणी कशी करायची ते दिलंय. मी वाचते, तू कर."

मावशीने कुरकुर करत चाकांना लाकडी ठोकळे लावले. आधी इंजिन चालू करून हवा भरली, मग बंद केले. किल्ली पुन्हा फिरवून ठेवली. लेक सांगेल तसे ब्रेकचे पेडल दाबायचे आणि सोडायचे, दर वेळी थोडी हवा कमी होते. काटा नव्वदवर आला. ऐंशीवर आला. सत्तर.

"काही वाजलं?"

"नाही."

"दाबत राहा."

साठ. मित्रांनो, माझ्या अंगातला खिळा न् खिळा ओरडत होता. बझर धडधाकट होता, त्याला वाजायला वीज होती, फक्त बोटभर वायर मध्ये तुटलेली होती. पंचावन्न. पन्नास. पंचेचाळीस. मावशीचा पाय थांबला, मग आणखी जोराने दाबू लागला. तिशीच्या आसपास पार्किंग ब्रेकचे बटण टक्कन आपोआप बाहेर आले, हवा संपत आली की ते येतेच, आणि ती दचकली.

"आई? वाजलं का?"

मावशी खाली वाकली, मोबाइलचा दिवा स्टिअरिंगखाली धरला आणि तिला ती काळी चिकटपट्टी सापडली. नखाने तिने ती सोलली. कापलेली दोन टोके तिने बोटांत धरली.

"पैलवान त्या दिवशी मेलाच असता," ती अगदी हळू म्हणाली. मग माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवला. "अगं म्हातारे, मला काहीच कसं बोलली नाहीस तू?"

ती मिस्त्रीला घेऊन आली. मिस्त्रीने माझ्या नळ्यांना साबणाचे पाणी लावले. बुडबुडे आले. तो उठून उभा राहिला.

"मावशी, वीस दिवस राहिलेत. त्यानंतर ही भंगारातच जायची आहे. कशाला उकरून काढता?"

"आधी वायर जोड."

त्याने वायर जोडली आणि मी ओरडले! आवाज घोगरा होता, पण होता. हवा भरल्यावर मी थांबले. दुसरा ट्रेलर लावताना दाब उतरला आणि मी पुन्हा ओरडले. मावशीने तिथल्या तिथे मला उभे केले. सुपरवायझर कानावर हात ठेवून धावत आला.

"काय लावलंय हे? कापा ती वायर!"

"वायर कापू देणार नाही," मावशी म्हणाली. "नळी बदला."

"वीस दिवसांसाठी नवीन नळ्या? वेड लागलंय का? मग गाडी बंद ठेवावी लागेल. तुम्ही काय करणार?"

"झाडू आहे ना कोपऱ्यात."

सुपरवायझरला वाटले ती रागाच्या भरात बोलते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती खरोखरच आवार झाडत होती. मला भिंतीशी उभे केले, तोंड भिंतीकडे. भाड्याने आणलेली दुसरी गाडी धक्क्यावर काम करू लागली. जिने मला वाचा दिली तिची सीट त्या वाचेने गेली, याचे मला फार वाईट वाटले. मावशीने मात्र एकदाही तसे बोलून दाखवले नाही. दुपारच्या सुट्टीत ती माझ्यातच येऊन बसायची आणि मोठ्याने वाचायची. आता ती पुस्तकाशी भांडत नव्हती. "साठाच्या खाली जायच्या आत," ती मला सांगायची, जणू परीक्षा माझीच होती.

परीक्षेच्या दिवशी ती आली नाही. भिंतीसमोर उभ्या असलेल्या गाडीला दिवस किती मोठा असतो ते तुम्हाला कसे सांगू? समोर विटा. विटांवर उन्हाचा एक तुकडा असतो, तो सरकतो, एवढेच.

दुसऱ्या दिवशी माझे दार उघडले. मावशी चढून बसली. तिच्या हातात एक कागद होता. तो तिने माझ्या काचेवर आतून टेकवून धरला, मला वाचता येते असे समजून.

"दोन्ही प्रश्न आले होते गं," ती म्हणाली. "दोन्ही."

बाहेर नवा ट्रक तिची वाट पाहत होता. शेजारी शिकवणारा ड्रायव्हर बसणार होता. तरीही ती उठेना. मग तिने माझी किल्ली फिरवली. टाकीत हवा अजिबात नव्हती, त्यामुळे बझर लगेच वाजू लागला. तिने कानावर हात ठेवले नाहीत. "बोल," ती म्हणाली, "अकरा वर्षांचं साठलंय, बोलून टाक." मी बोलत राहिले, ती ऐकत राहिली. हळूहळू बॅटरी उतरली, आवाज बारीक झाला आणि थांबला. तिने किल्ली काढली, रुमालाने काच पुसली आणि "येते गं" म्हणून उतरली. आवारातून कायमचे जाणारे सगळे असेच म्हणतात.

मित्रांनो, मी इथेच आहे आणि इथेच असेन. मला न्यायला येईल तोही मला दुसऱ्या गाडीवर लादून नेईल, माझ्या चाकांवर मी या फाटकातून जाणार नाही. म्हणून माझे एवढे ऐका. तुमच्याजवळची एखादी वस्तू कुरकुरत असेल, करकरत असेल, नको त्या वेळी वाजत असेल, तर तिला गप्प करण्याआधी तिला काय झाले आहे ते पाहा. तिला दुसऱ्या कुठल्या रीतीने सांगता येत नाही.

त्या दिवशी मावशी बाहेर पडली ते मला दिसले नाही, माझे तोंड भिंतीकडे होते. पण ऐकू सगळे आले. नवा ट्रक सुरू झाला आणि त्याचा बझर वाजू लागला. शिकवणारा म्हणाला, "चला, मावशी." मावशी हलली नाही. बझर वाजत राहिला, टाकीत हवा भरत राहिली आणि मग तो आपणहून थांबला. त्यानंतर फाटक उघडले.