करंड्यातला आरसा

कच्छमधल्या मांडवीहून निघालेलं गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरल्या जंगबारच्या वाटेवर असताना एका आडव्या लाटेने गलबताची दिशा सांभाळणाऱ्या मावजी मालमला फळ्यांवर आपटलं. पडता पडता त्याने सेक्स्टंट छातीशी कवटाळला, म्हणून पितळ वाचलं. मनगट मात्र सुजलं आणि यंत्राचा लहान आरसा फुटला. आरशाशिवाय सूर्याची उंची कशी मोजणार आणि गलबत कुठे आहे ते कसं कळणार? ध्रुवतारा तर इतक्या दक्षिणेत पाण्याखाली गेलेला.

"मालम, आता वाट काय माशांना विचारायची?" नाखवा वसराम करवादला.

मावजीने मान खाली घातली. बापाला असं बसलेलं त्याच्या लेकीने, पुरबाईने कधी पाहिलं नव्हतं. लग्नानंतर ती पहिल्यांदाच जंगबारला सासरी निघाली होती. तिने पेटी उघडली आणि कुंकवाचा करंडा आणला. त्याच्या झाकणात आरसा होता.

"बापा, हा बसेल."

"खुळी का तू? सासरी निघालेल्या पोरीचा करंडा मोडू? तुझी सासू काय म्हणेल मला?"

"सासूने बोलायला आधी सासर तर सापडू दे!"

खलाशी खो खो हसले. वसरामलाही हसू आवरेना.

पुरबाईने चाकूच्या टोकाने अर्ध्या आरशाचा पारा खरवडला. पारा गेलेल्या अर्ध्यातून क्षितिज दिसायचं, उरलेल्या अर्ध्यात सूर्य. हे बापानेच तिला लहानपणी गच्चीवर शिकवलं होतं. तुकडा मेणाने बसवून तिने तो हलवत हलवत नीट जुळवला. बापाचं मनगट सुजलेलं, म्हणून यंत्र तिनेच डोळ्याला लावलं आणि काळी काच पुढे ओढून ती डोलकाठीला टेकून उभी राहिली.

"हात हलू देऊ नकोस," मावजी पुटपुटला.

"तुम्ही बोलू नका, म्हणजे नाही हलणार."

सूर्य चढत चढत थांबला. तिने तो अलगद क्षितिजावर टेकवला आणि आकडा सांगितला. मावजीने हिशेब केला. वसरामने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि सुकाणू वळवायला सांगितलं. पुढे रोज दुपारी खलाशी आपणहून तिला वाट करून देत.

एका सकाळी समोर माडांची रांग दिसली, वाऱ्यावर लवंगेचा वास आला.

धक्क्यावर सासू वाट पाहत होती. "व्याही, प्रवास कसा झाला?"

"सुनेलाच विचारा," मावजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "गलबत तिने आणलंय. मी नुसता बसून आलो."

सासू सुनेकडे बघतच राहिली. पुरबाईने ओढणी सावरली, पण नजर काही खाली घातली नाही.